घरकामासाठी माणूस ठेवणाऱ्या कुटुंबाच्या कायदेशीर जबाबदाऱ्या (महाराष्ट्र) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुणे-भांडी, केर-फरशी, पोळ्या, मूल सांभाळणे, आजारी माणसाची देखभाल, गाडी चालवणे. यांपैकी कशासाठीही पगारावर माणूस ठेवला, की आपले घर हे त्या माणसाचे कामाचे ठिकाण होते. ‘आमच्या घरातली बाब आहे’ असे म्हणून कायदा उंबऱ्याबाहेर थांबत नाही. कुठे तो फार कडक आहे, तर कुठे गप्प आहे. यातला फरक ठाऊक नसल्यामुळे बहुतेक भांडणे होतात.

घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा आहे का?

महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८’ आहे. तो कल्याणाचा कायदा आहे, म्हणजे नोंदणी झालेल्या कामगाराला मंडळाकडून मदत मिळते. पगार, कामाचे तास, सुट्ट्या यांबद्दल मालकावर तो फारसे काही बांधत नाही.

देशपातळीवर घरकामगारांसाठी सर्वंकष कायदा अजून नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी अजय मलिक विरुद्ध उत्तराखंड राज्य या निकालात ही पोकळी स्पष्टपणे दाखवली आणि असा कायदा करता येईल का हे पाहण्यासाठी समिती नेमण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेत घरकामगार ‘वेतनी कामगार’ म्हणून नावानिशी आहेत. औद्योगिक संबंध संहितेने मात्र घरगुती सेवेला ‘उद्योग’ या व्याख्येतून बाहेर ठेवले आहे. त्यामुळे कारखान्यातल्या कामगाराला कामावरून कमी केल्यास तो ज्या वाटेने दाद मागतो, ती वाट घरकामगाराला मिळत नाही.

याचा अर्थ मालकाला मोकळे रान आहे असा मुळीच नाही. बालमजुरी, वेठबिगारी, लैंगिक छळ, मारहाण, कोंडून ठेवणे आणि जातीवरून अपमान यांविरुद्धचे कायदे घरालाही पूर्णपणे लागू आहेत.

किमान वेतन किती द्यावे लागते?

कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, राजस्थान अशा काही राज्यांनी घरकामाचे किमान दर जाहीर केलेले आहेत. कर्नाटकाने तर २००४ सालीच ते केले. महाराष्ट्रात घरकामासाठी असा वेगळा दर नाही, त्यामुळे ‘सरकारी रेट काय?’ या प्रश्नाला आकड्याचे उत्तर देता येत नाही.

दर नाही म्हणून काहीही द्यावे, हे आम्हाला मान्य नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २३ वेठबिगारीला बंदी घालतो. ‘कमी पैशांत, नाइलाजाने करून घेतलेले काम’ही त्या बंदीत येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले आहे. व्यवहारात पगार ठरवताना घड्याळ लावून पाहावे. भांडी, धुणे, फरशी या प्रत्येक कामाला रोज किती मिनिटे लागतात ती बेरीज करा, महिन्याचे तास काढा आणि आपण देत असलेल्या पगाराला त्या तासांनी भागा. तासाचा दर शेजारच्या बांधकामावरच्या किंवा दुकानातल्या अकुशल मजुराच्या दरापेक्षा कमी निघाला, तर पगार कमी आहे. घरात माणसे वाढली, बाळ झाले किंवा सासू-सासरे राहायला आले की हे गणित पुन्हा करायला हवे. पगार तोच आणि भांडी दुप्पट, हे सर्वात जास्त घडते आणि ताई काम सोडून जाण्याचे ते सर्वात मोठे कारण असते.

लेखी करार करावाच लागतो का?

सक्ती नाही. तोंडी ठरलेले कामही भारतीय करार कायद्याप्रमाणे करारच असते. पण कायदा जिथे गप्प आहे, तिथे दोघांमध्ये ठरलेली गोष्ट हाच कायदा असतो, आणि ती सिद्ध करता आली पाहिजे. स्टॅम्प पेपरची गरज नाही. वहीच्या एका पानावर पुढील गोष्टी मराठीत किंवा तिला वाचता येईल त्या भाषेत लिहाव्यात आणि दोघांनी सह्या करून एकेक प्रत ठेवावी. वाचता येत नसेल तर तिच्या घरच्या कोणासमोर वाचून दाखवावे.

– कोणकोणती कामे, आणि कोणती नाहीत. ‘वरकाम’ हा शब्द लिहू नये. त्यात काय काय येते ते लिहावे. पडदे धुणे, पंखे पुसणे, पाहुण्यांची भांडी, कुत्र्याला फिरवणे हे वादाचे मुद्दे आधीच मोकळे करावेत.
– येण्याची वेळ आणि साधारण किती वेळ.
– पगार, तो कोणत्या तारखेला आणि कसा द्यायचा.
– आठवड्याची सुट्टी, महिन्याच्या भरपगारी रजा, सणांच्या सुट्ट्या.
– खाडा झाल्यास कापणी कशी करायची.
– पगारवाढ कधी, दिवाळीला काय.
– काम थांबवायचे असल्यास किती दिवस आधी सांगायचे. हा नियम दोघांनाही सारखा.

पगार बँकेत किंवा यूपीआयने दिला की नोंद आपोआप राहते. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यावर पाठवायचा असेल तर तिने स्वतः तसे सांगितलेले असावे. रोख देत असाल तर छोट्या वहीत तारीख, रक्कम, सही, एवढे पुरते. ही वही तिच्याकडेही असू द्यावी.

खाडे कापताना ३० ने भागायचे की २६ ने?

यावर घरकामासाठी कायद्याचा नियम नाही, पण हिशेबाची प्रामाणिक रीत आहे. समजा पगार ३,००० रुपये आणि आठवड्याला एक सुट्टी ठरली आहे. महिन्याच्या पगारात सुट्टीचे दिवसही धरलेले असतात, म्हणून एका दिवसाचा दर ३० ने भागून १०० रुपये. तीन दिवस बिनपगारी खाडा झाला तर ३०० रुपये कापावेत. २६ ने भागले तर दिवसाचा दर सुमारे ११५ रुपये येतो आणि तेच तीन खाडे ३४६ रुपयांना पडतात.

खरी गडबड पुढे होते. खाडा कापताना २६ ने भागायचे आणि सुट्टीच्या दिवशी जास्तीचे काम करून घेतल्यावर मोबदला मात्र ३० ने भागून द्यायचा, अशी दुहेरी मोजपट्टी अनेक घरांत नकळत चालते. एकच भाजक ठरवा आणि दोन्हीकडे तोच वापरा. सुट्टीच्या दिवशी बोलावले तर आम्ही दुप्पट दर द्यावा असे सुचवतो, कारण तिचा तो एकच मोकळा दिवस असतो.

आजारपणाचा खाडा सरसकट कापू नये. महिन्याला दोन भरपगारी रजा ठेवल्या तर न सांगता होणारे खाडे कमी होतात. रजा मिळणार नाही, हे माहीत असल्यावर माणूस फोन बंद ठेवतो.

आम्ही महिनाभर गावाला जातो. तेव्हा पगार द्यायचा का?

वेगळे काही ठरले नसेल तर द्यायला हवा. ती कामाला यायला तयार आहे, काम तुम्ही थांबवले आहे. त्या वेळेत दुसरे घर धरायचे म्हटले तर महिन्याभरासाठी कोणी तिला ठेवत नाही, आणि परत आल्यावर तुम्हाला तीच हवी असते. पूर्ण पगार अजिबात शक्य नसेल तर निदान निम्मा, आणि तेही आधी सांगून, हे कामावर ठेवतानाच ठरवावे.

आठवड्याची सुट्टी देणे सक्तीचे आहे का?

महाराष्ट्रात घरकामासाठी तशी कायदेशीर सक्ती नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा करार क्रमांक १८९ सलग २४ तासांची साप्ताहिक विश्रांती सांगतो. भारताने त्या वेळी त्याच्या बाजूने मत दिले, पण करार अजून स्वीकारलेला नाही. घरी राहून काम करणाऱ्या व्यक्तीबाबत मात्र सुट्टी नाकारणे, बाहेर जाऊ न देणे आणि पगार अडवणे या गोष्टी एकत्र आल्या की प्रकरण सुट्टीपुरते राहत नाही. मग सक्तीने काम करून घेतल्याचा गुन्हा म्हणून ते पाहिले जाते. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १४६ मध्ये त्याला एक वर्षापर्यंतची कैद आहे.

बोनस, पीएफ, ग्रॅच्युइटी?

घराला पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा), ग्रॅच्युइटी आणि बोनस यांची कायदेशीर सक्ती नाही. हे कायदे ठरावीक संख्येने कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहेत. दिवाळीला एक पगार देण्याची रीत आपल्याकडे रुजलेली आहे. ती ठरलेली असेल तर कराराचा भाग होते, मग ‘यंदा जमणार नाही’ म्हणून एकतर्फी काढून घेता येत नाही. वर्षानुवर्षे काम केलेल्या व्यक्तीला निरोप देताना, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार हा ग्रॅच्युइटीचाच हिशेब स्वतःहून लावावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

मुलीच्या लग्नासाठी तिने मोठी उचल मागितली आहे. दिली तर काय काळजी घ्यावी?

उचल देणे बेकायदा नाही. ‘फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही’ अशी अट घातली, की मात्र तुम्ही वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम, १९७६ च्या कक्षेत येता. त्या कायद्याप्रमाणे अशी अट रद्द ठरते, त्या अटीखालचे कर्जही संपुष्टात येते आणि ती घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्याज म्हणून फुकट काम करून घेणेही यातच येते.

सुरक्षित रीत अशी. रक्कम, तारीख आणि दरमहाची कापणी वहीत लिहा. कापणी पगाराच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नसावी. पगार ४,००० आणि उचल १२,००० असेल तर दरमहा १,००० कापले की वर्षात हिशेब मिटतो. व्याज लावू नका. आणि तिने मध्येच काम सोडले तर उरलेली रक्कम हे साधे उसने पैसे राहतात. ती मागता येते, पण त्यासाठी तिची भांडी, गॅसचे कार्ड, आधार किंवा शेवटचा पगार अडवून ठेवता येत नाही.

किती वयाच्या व्यक्तीला कामावर ठेवता येते?

अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीलाच ठेवा. १४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांकडून जवळपास कोणतेही काम करून घेणे हा दखलपात्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

१४ ते १८ या वयोगटात घरकामाला सरसकट बंदी नाही, पण बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७९ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला लागू आहे. मुलाला कामासाठी बांधून ठेवले, त्याची कमाई अडवली किंवा ती स्वतःसाठी वापरली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. ‘पगार तिच्या वडिलांना गावी पाठवतो’ हे उत्तर इथे तारत नाही.

वय तपासताना लोक आधार पाहून समाधान मानतात, ते चूक आहे. आधारवरची जन्मतारीख अनेकदा सांगोवांगी घातलेली असते. १ जानेवारी किंवा १ जून ही तारीख दिसली तर आणखी चौकशी करावी. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला असा क्रम आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वयासाठी आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला.

भांडीवाल्या मावशी आजारी असल्या की बारा वर्षांच्या मुलीला पाठवतात. तिला आम्ही ठेवलेले नाही. मग?

तिच्याकडून काम तुम्ही करून घेत आहात, म्हणून जबाबदारीही तुमचीच. मुलीला दारातूनच परत पाठवा, त्या दिवसाचा पगार कापू नका आणि मावशींना फोन करून ‘आजारी असाल तर सुट्टी घ्या, मुलीला शाळेत पाठवा’ असे सांगा. पगार कापला जाणार नाही, याची खात्री असली की मुलगी येणे थांबते.

याच प्रकारातला दुसरा प्रश्न ‘शिकवायला’ गावाहून आणलेल्या नात्यातल्या मुलीचा. कायद्यात शाळा सुटल्यावर स्वतःच्या कुटुंबाला मदत करण्याची सूट आहे, पण तिथे कुटुंब म्हणजे मुलाचे आई-वडील, सख्खी भावंडे, आणि आई-वडिलांची भावंडे, म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी. चुलत वहिनीच्या भाचीला ही सूट लागू नाही. कुठे लहान मूल कामाला ठेवलेले दिसले तर १०९८ वर फोन करावा.

लैंगिक छळाचा कायदा तर ऑफिसांसाठी आहे ना?

नाही. २०१३ च्या कायद्यात घरकामगार स्त्री नावानिशी आहे आणि ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत राहते घरही आहे. घरात अंतर्गत समिती नसते, म्हणून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुका आणि प्रभाग पातळीवर समन्वय अधिकारी तक्रारी स्वीकारतात. मुदत घटनेपासून तीन महिने. कारण योग्य वाटले तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तिला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घेण्यात मदत करणे समितीवर बंधनकारक आहे.

घरकामगाराच्या बाबतीत एक वेगळी तरतूद आहे. प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर समितीने सात दिवसांच्या आत तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. ती स्त्री स्वतः थेट पोलीस ठाण्यातही जाऊ शकते.

अंगाला हात लावणे एवढाच छळ नव्हे. अश्लील बोलणे, व्हिडिओ दाखवणे, आंघोळ करून टॉवेलवर मुद्दाम समोर फिरणे, काम टिकवायचे असेल तर ‘ऐकायला’ लावणे, हे सगळे यात येते. दोषी मालकच असेल असेही नाही. मुलगा, सासरे, पाहुणा, ड्रायव्हर कोणीही असू शकतो. तिने घरातल्या बाईला सांगितल्यावर बहुतेक वेळा तिलाच कामावरून काढले जाते. हा सर्वात मोठा अन्याय आहे आणि तक्रारीत पुढे तेच तुमच्याविरुद्ध उभे राहते. तिने सांगितले की त्या व्यक्तीशी तिचा संबंध येणार नाही अशी व्यवस्था करा, पगार चालू ठेवा, तक्रारीचा रस्ता सांगा, तिचे नाव सोसायटीत फिरवू नका. पैसे देऊन तडजोड करणे या कायद्याला मान्य नाही.

पोलिसांकडे नोंद करावी लागते का? आधारची प्रत ठेवावी का?

नाव, पत्ता, फोटो, गावाकडचा पत्ता आणि ओळखीच्या दोन व्यक्ती ही माहिती स्थानिक पोलीस ठाण्यात देण्याची सोय आहे. घरी राहून काम करणाऱ्या व्यक्तीबाबत ती नक्की द्यावी. ज्या शहरात पोलीस आयुक्तांचा तसा आदेश लागू असेल, तिथे तो न पाळल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. नोंद तिला सांगून करा. ही प्रामाणिकपणाची पावती नसते, केवळ माहितीची नोंद असते.

आधारची मूळ प्रत ठेवून घेऊ नका. फोटोकॉपी हवी असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत पुरते. कॉपीवर ‘घरकामाच्या नोंदीसाठी’ असे लिहून तारीख घाला. सोसायटीच्या ग्रुपवर तिचे आधार टाकणे तर अजिबात नको.

चोरीचा संशय आला तर काय करायचे आणि काय करायचे नाही?

आधी घर नीट शोधा. मग पोलिसांत तक्रार द्या, वस्तूचे वर्णन, शेवटची कधी पाहिली, घरात कोण कोण येऊन गेले हे सगळे सांगा, फक्त तिचे नाव नव्हे. नोकराने मालकाच्या वस्तूची चोरी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा गंभीर आहे, म्हणूनच तपास पोलिसांचा.

जे करायचे नाही त्यामुळे मालकच आरोपी होतो. खोलीत थांबवून ठेवणे म्हणजे कोंडून ठेवणे (कलम १२७). कबुलीसाठी मारहाण केली तर कलम १२०, ज्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिची पिशवी किंवा अंग झडती घेण्याचा अधिकार मालकाला नाही, वॉचमनलाही नाही. स्त्रीची झडती पोलिसांतही स्त्रीनेच घ्यायची असते, आणि जबाबासाठी स्त्रीला तिच्या राहत्या घरापेक्षा वेगळ्या ठिकाणी यायला भाग पाडता येत नाही. खोटे आहे हे माहीत असून तक्रार दिली तर कलम २१७. ‘या बाईला कोणी ठेवू नका’ असा फोटोसकट संदेश ग्रुपवर टाकणे ही बदनामी ठरू शकते, वस्तू नंतर कपाटाच्या मागे सापडली तर नक्कीच.

पगार अडवून ‘वसुली’ करणे हाही मार्ग नाही.

कॅमेरा लावला तर?

हॉल आणि स्वयंपाकघरात लावता येतो, पण तिला सांगून. ती कपडे बदलते, झोपते किंवा जिथली मोरी-संडास वापरते तिथे कॅमेरा लावणे हा गुन्हा आहे (भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई).

घरीच राहणाऱ्या व्यक्तीसाठी काय वेगळे?

झोपायला दाराला आतून कडी असलेली जागा. स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली किंवा बंद नसलेल्या बाल्कनीत नव्हे. रात्री सलग विश्रांती. रात्री बाळासाठी उठायचे असेल तर दिवसा तेवढी मोकळीक. मोबाइल तिच्याजवळ, घरच्यांशी बोलायला आडकाठी नाही. जेवण आणि राहणे यांचे पैसे पगारातून कापायचे असतील तर आधी ठरलेले असावे. आमच्या मते कापूच नयेत, कारण ती तुमच्या सोयीसाठी राहते.

बाहेर जाताना बाहेरून कुलूप लावून तिला आत ठेवणे ही सवय काही घरांत आहे. तीन दिवस कोंडले तर तीन वर्षांपर्यंत आणि दहा दिवस किंवा त्याहून जास्त झाले तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आग लागली किंवा गॅस गळला तर ती बाहेर पडू शकत नाही. घराची एक किल्ली तिच्याकडे असलीच पाहिजे.

काम करताना अपघात झाला तर खर्च कोणाचा?

तुम्ही सांगितलेल्या कामात, तुमच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली तर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा होऊ शकतो. जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा नोंदवला जातो, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. म्हणून पुढच्या गोष्टी आजच पाहून घ्याव्यात.

खिडकीच्या बाहेरच्या काचा पुसायला ग्रिलबाहेर किंवा सज्जावर उतरायला कधीच सांगू नका. लांब दांड्याचे पुसणे आतून जेवढे पोहोचेल तेवढेच. जाळे काढायला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढवू नका. चार पायांची घडीची शिडी आणा आणि ती धरायला दुसरे माणूस असू द्या. संडासाचे अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरू देऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद मोरीत तो फुप्फुसे जाळतो. बाटल्यांवर चिठ्ठी लावा, सॉफ्ट ड्रिंकच्या बाटलीत अॅसिड भरू नका, रबरी हातमोजे द्या. गीझर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनवर अर्थिंग आणि शॉक लागल्यावर वीज तोडणारा स्विच आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ओल्या हाताने चिमटा येतो असे तिने सांगितले तर ते लगेच दुरुस्त करा.

इजा झाली की आधी दवाखाना, मग हिशेब. त्या दिवसांचा पगार कापू नका.

पगारी ड्रायव्हर असेल तर गाडीच्या पॉलिसीत ‘पगारी ड्रायव्हरचे कायदेशीर दायित्व’ हे जादा संरक्षण घेतले आहे का ते पाहा. हप्ता वर्षाला साधारण ५० रुपये असतो. तरीही ऑनलाइन पॉलिसी काढताना ती खूण करायची राहून जाते.

घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणीसाठी मालकाने काय करायचे?

१८ ते ६० वयाचे घरकामगार जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात (सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी) घरेलू कामगार म्हणून नोंदणी करू शकतात. वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, फोटो, बँकेचे पासबुक लागते. आणि ती तुमच्याकडे काम करते असे प्रमाणपत्र. यासाठी घरे टाळाटाळ करतात. ‘यावरून उद्या आमच्यावर केस करेल’ ही भीती असते. प्रमाणपत्रामुळे तुमच्यावर कोणतेही नवे ओझे येत नाही. तिचे नाव, काम, कधीपासून, तुमचे नाव-पत्ता-सही, एवढे चार ओळींत लिहून द्यावे.

मंडळाकडून प्रसूती, मुलांचे शिक्षण, अंत्यविधी अशा प्रसंगी मदत मिळते, आणि ५५ वर्षे पूर्ण केलेल्यांना सन्मानधन म्हणून १०,००० रुपये. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या निर्बंधांत राज्य सरकारने १,५०० रुपये जाहीर केले, ते फक्त नोंदणी असलेल्यांनाच. नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करायला हवे. ते राहिले की ऐन गरजेला यादीत नाव सापडत नाही. त्या कामासाठी वर्षातून अर्धा दिवस भरपगारी सुट्टी द्या.

ई-श्रम, विमा, पेन्शन यांत घराने काही भरावे का?

सक्ती नाही, पण थोडक्या पैशांत खूप होते. ई-श्रम नोंदणी १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी आहे आणि विनामूल्य आहे. आधारला जोडलेला मोबाइल लागतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, वय १८ ते ७०. ही मुदत १ जून ते ३१ मे. मे अखेरीस खात्यात शिल्लक नसली की हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. म्हणून हे २० रुपये मेमधल्या पगाराबरोबर तुम्हीच टाका.

श्रमयोगी मानधन योजनेत १८ ते ४० वय आणि १५,००० पर्यंत उत्पन्न असलेल्यांना, साठीनंतर दरमहा ३,००० रुपये पेन्शन आहे. वयानुसार हप्ता ५५ ते २०० रुपये, सरकार तेवढेच भरते. घराने कामगाराच्या नावाने हप्ता भरण्याची सोय या योजनेत आहे.

एजन्सीकडून बाई घेतली, तर जबाबदारी एजन्सीची ना?

कमिशन एजन्सीला दिले म्हणून घरातल्या वागणुकीची जबाबदारी जात नाही. वय स्वतः तपासा. पगार तिच्याच खात्यात जातो का ते पाहा. एजन्सी ‘पगार आमच्याकडे द्या, आम्ही देऊ’ म्हणाली तर नकार द्या. तिचे कागद एजन्सीने ठेवलेत असे कळले, किंवा तिला कोणत्या गावाला आणि कशासाठी नेत आहेत हेच माहीत नसेल, तर हा मानवी व्यापाराचा प्रकार असू शकतो. पोलिसांना कळवा.

वेगळा कप, वेगळी ताटली ठेवण्यात गैर काय?

कारण जात असेल तर अस्पृश्यतेचे पालन आहे. अनुच्छेद १७ आणि नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ प्रमाणे तो गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला जातीवरून लोकांसमोर, म्हणजे जिन्यात, गेटवर, सोसायटीच्या आवारात हिणवले तर अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लागतो. ‘स्वच्छतेसाठी’ वेगळा कप ठेवायचा असेल तर मग तो घरातल्या सगळ्यांचा वेगळा असायला हवा.

काम थांबवायचे आहे. किती दिवस आधी सांगावे? आणि पगार थकला तर तिने काय करावे?

ठरलेले असेल तेवढे दिवस. ठरलेले नसेल तर एक महिना आधी किंवा एक महिन्याचा पगार, ही रीत योग्य. शेवटच्या दिवशी कामाच्या दिवसांचा पूर्ण पगार, उरलेल्या रजा आणि दिवाळीचा हिस्सा चुकता करून वहीत दोघांची सही घ्या.

थकलेल्या पगारासाठी दिवाणी दावा करता येतो, मुदत तीन वर्षे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचे कार्यालय असते, फोन १५१००. बहुतेक प्रकरणे तिथे समेटातच मिटतात, आणि वही असलेल्या बाजूचे म्हणणे लवकर पटते.

बंगल्यातल्या आउटहाउसमध्ये राहणारे कुटुंब काम सोडल्यावर जागा सोडत नसेल तर?

कामासाठी राहायला दिलेल्या जागेवर नोकर किंवा राखणदाराचा मालकी हक्क तयार होत नाही, ती कितीही वर्षे वापरली तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मारिया मार्गारिडा सिक्वेरा फर्नांडिस या गोव्यातल्या खटल्यात हे निःसंदिग्ध सांगितले. तरी सामान रस्त्यावर फेकणे, वीज-पाणी तोडणे चालणार नाही. लेखी नोटीस द्या, महिना-दोन महिन्यांचा वाजवी अवधी द्या, मुलांच्या परीक्षा पाहा, आणि न ऐकल्यास दिवाणी न्यायालयात जा. जागा देताना एक ओळ लिहून घेतली असती, ‘ही जागा कामासाठी दिलेली आहे, काम संपल्यावर सोडायची आहे’, तर नोटिशीतच प्रकरण संपते.

सोसायटीचा वॉचमन आणि जिना झाडणारे यांना हेच लागू का?

नाही. त्यांना सोसायटीने किंवा कंत्राटदाराने नेमलेले असते, त्यामुळे त्यांना वेतन आणि कंत्राटी कामगारांचे वेगळे नियम लागतात. पण तुम्ही त्याच वॉचमनला रोज सकाळी गाडी धुवायला पैसे देत असाल, तर त्या कामापुरते तुम्ही मालक आहात.